अर्नेस्ट सॉल्व्हे : एका सोडा कारखानदाराचे चरित्र

सोडा ही वस्तू आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील माणसांस परकी नाही. देऊळगाव राजाहून पूर्वेस निघून सिंदखेड राजा मागे टाकले व लोणारची वाट धरली, म्हणजे काळ्या दगडाच्या पठारात एकाएकी एक प्रचंड वाटोळा खळगा दृष्टीस पडतो. त्याची रुंदी सुमारे १,८०० मीटर असून तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने हा खळगा झाला, असे शास्त्रज्ञांनी आता निश्चित केले आहे. ह्या सरोवरास झरे व ओढे येऊन मिळतात, परंतु पाण्यास बाहेर पडावयास वाट नाही. सूर्य पाणी तेवढे उचलून नेतो आणि पाण्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठावर जमलेला क्षार लोक गोळा करीत, व त्यास प्रतीप्रमाणे डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे देत. काच, साबण, रंगाऱ्याचे काम, पापड अशा नाना ठिकाणी ह्या क्षाराचा उपयोग होई. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल ह्यानेही, लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याची सामग्री मिळते, असे सोळाव्या शतकाच्या अखेरीस नमूद करून ठेवले आहे.

लोणारचा हा सोडा निसर्गाने कोणासही उपद्रव न देता केला. परंतु तो थोडा, आणि त्यास काळही फार लागला. साऱ्या जगास पुरेल इतका सोडा मनुष्याने स्वतः करावयाचा तर तो कशापासून करावा, आणि तो करीत असता शेजाऱ्याच्या शेताचे व गावाच्या नदीचे काय व्हावे, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे रसायनविद्येपुढे उभा आहे. ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ज्या पुरुषाने दिले, त्या अर्नेस्ट सॉल्व्हे नामक बेल्जियन गृहस्थाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. अर्धे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. उरलेल्या अर्ध्याचा विचार लेखाच्या शेवटी करू.

प्रथम त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. काच, साबण, कागद व धुवट कापड ह्या चारही वस्तूंस सोडा लागतो. अठराव्या शतकात युरोपातील लोक हा सोडा समुद्रकाठच्या काही वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढीत. पुढे मागणी इतकी वाढली की राख पुरेनाशी झाली. तेव्हा साध्या मिठापासून सोडा करून दाखविणारास बक्षीस देण्याचे फ्रान्सच्या विज्ञान परिषदेने १७७५ मध्ये जाहीर केले. निकोला लब्लां नावाच्या एका वैद्याने ही रीत शोधून काढली व १७९१ मध्ये तिचे पेटंट मिळविले. परंतु राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला, बक्षीसही पदरी पडले नाही, आणि १८०६ मध्ये तो बिचारा हताश होऊन मरण पावला. त्याची रीत मात्र जगली, व विशेषतः इंग्लंडात तिचे मोठमोठे कारखाने निघाले.

लब्लांच्या रीतीत मिठावर गंधकाम्ल ओतावयाचे, आणि जो पदार्थ होईल तो कोळसा व चुनखडी ह्यांच्याबरोबर भट्टीत भाजावयाचा. सोडा निघे खरा, पण ८ टन सोड्यामागे सुमारे साडेपाच टन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ धुराड्यातून बाहेर पडे, आणि सुमारे ७ टन गंधकयुक्त राड कारखान्याच्या मागे साचे. ती वाफ जेथे जाई तेथील झाडे वाळत, पिके करपत, लोखंडाची अवजारे गंजत. राडेच्या टेकड्यांवर पाऊस पडला म्हणजे कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटे. लोकांचा आक्रोश इतका झाला की इंग्लंडच्या पार्लमेंटास १८६३ मध्ये कायदा करून, आम्लाच्या वाफेपैकी शेकडा ९५ भाग कारखान्यातच अडविलाच पाहिजे, असे बंधन घालावे लागले. कारखान्याच्या धुरावर सरकारी तपासनीस नेमण्याची ही जगातील पहिल्या काही उदाहरणांपैकी एक गोष्ट होय.

अशा काळात, १६ एप्रिल १८३८ रोजी, बेल्जियम देशातील रबेक नावाच्या लहानशा गावी अर्नेस्टचा जन्म झाला. त्याच्या बापाची दगडाची खाण असून मीठ शुद्ध करण्याचाही धंदा होता. त्यामुळे मीठ आणि दगड ह्या ज्या दोन वस्तूंवर अर्नेस्टचे पुढील सारे आयुष्य उभे राहिले, त्या त्याने पाळण्यात असल्यापासूनच पाहिल्या होत्या असे म्हणण्यास हरकत नाही. मालोन येथील शाळेत त्याचे शिक्षण झाले. पदार्थविज्ञान व रसायन ह्या विषयांत त्याची बुद्धी चांगली चाले, व विद्यापीठात जाऊन एंजिनियर व्हावे अशी त्याची मोठी इच्छा होती. परंतु ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यास फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाचा विकार जडला व अंथरुण धरावे लागले. त्या दुखण्याने विद्यापीठाचे दार त्यास कायमचे बंद झाले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस घरच्या अडचणीने अगर आजाराने पुढील शिक्षण सोडावे लागते, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. अर्नेस्टने पदवी मिळविली नाही. पुस्तकांची संगत मात्र त्याने सोडली नाही.

एकविसाव्या वर्षाच्या सुमारास तो ब्रुसेल्स शहराजवळ आपल्या मामाच्या हाताखाली कामास लागला. हा मामा एका गॅसच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. त्या काळी शहरातील रस्त्यांवरचे दिवे दगडी कोळशाच्या गॅसवर जळत. कोळसा बंद पात्रात तापवून गॅस काढावयाचा, व तो पाण्याने धुऊन नळांत सोडावयाचा, अशी पद्धत होती. ह्या धुण्याच्या पाण्यात अमोनिया नावाचा उग्र वायू विरघळून येई. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा नाकास झोंबणारा जो धूर उठतो, त्यावरून ह्या वायूच्या उग्रपणाची कल्पना वाचकांस येईल. हे पाणी म्हणजे गॅसच्या कारखान्याची एक अडचणच होती. ते आटवून त्यातून काही उपयोगाचे निघते काय, हे पाहण्याचे काम मामाने भाच्यावर सोपविले.

अर्नेस्टने प्रयोग चालू केले. अमोनियायुक्त पाण्यात मीठ विरघळवून त्यात कर्बाम्ल वायू, ज्यास आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो, सोडला असता तळाशी एक पांढरा साका बसतो, असे त्यास आढळले. हा साका म्हणजे खावयाचा सोडा होय. तो भाजला म्हणजे धुण्याचा सोडा तयार होतो. मिठापासून सोडा, आणि तोही गंधकाम्लावाचून व करपविणाऱ्या वाफेवाचून! तरुणास धन्यता वाटली. १८६१ च्या एप्रिलात, वयास तेवीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, त्याने ह्या रीतीचे पेटंट घेतले.

परंतु लवकरच त्यास कळून आले की हा शोध नवा नव्हता. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही क्रिया १८११ मध्येच पाहिली होती. अर्नेस्टचा जन्म झाला त्याच वर्षी, म्हणजे १८३८ मध्ये, इंग्लंडात डायर व हेमिंग ह्या दोघांनी तिचे पेटंट घेतले होते. १८५५ च्या सुमारास पॅरिसजवळ दोघा फ्रेंच गृहस्थांनी ह्याच रीतीचा कारखाना काढला व थोड्याच वर्षांत तो बंद करून टाकला. ह्या सर्व शहाण्या माणसांचे पाऊल एकाच ठिकाणी अडखळले होते. अमोनिया हा सोड्याहून कितीतरी महाग. तो सांध्यासांध्यांतून निसटे, उघड्या पिंपांतून उडून जाई, व उरलेल्या पाण्याबरोबर वाहून जाई. एक रुपयाचा सोडा करण्यासाठी त्याहून अधिक मोलाचा अमोनिया गमवावयाचा, असा तो उफराटा व्यवहार होता.

ह्याच ठिकाणी सॉल्व्हे ह्यांच्या बुद्धीची खरी परीक्षा झाली. दुसऱ्या कोणी निराश होऊन गॅसच्या कारखान्यातील कारकुनी पत्करली असती. सॉल्व्हे ह्यांनी असा विचार केला की, रसायनक्रिया तर सर्वांस ठाऊक आहे. आता अमोनिया निसटणार नाही असा कारखाना तेवढा बांधावयाचा आहे. ह्या एका विचारास त्यांनी पुढली दहा-बारा वर्षे वाहून घेतली.

त्यांनी बसविलेली योजना आम्ही शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगतो. प्रथम चुनखडी भट्टीत भाजावयाची. तिच्यातून कर्बाम्ल वायू निघतो आणि मागे कळीचा चुना राहतो. दुसरीकडे मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवावयाचा. हे पाणी एका उंच लोखंडी मनोऱ्याच्या माथ्यावरून खाली सोडावयाचे, व भट्टीतला वायू मनोऱ्याच्या तळातून वर फुंकावयाचा. मनोऱ्यात एकावर एक चाळणीवजा ताटे बसविलेली असतात. त्यांतून वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो व पाणी पायरी पायरीने खाली उतरते. वाटेत दोहोंची गाठ पडून खावयाच्या सोड्याचा साका बनतो. तो गाळून भाजला म्हणजे धुण्याचा सोडा मिळतो, आणि भाजताना जो कर्बाम्ल वायू सुटतो तो पुन्हा मनोऱ्याकडे धाडता येतो.

आता गाळून उरलेल्या पाण्यात काय असते? त्यात अमोनिया नवसागराच्या रूपाने अडकलेला असतो. ह्या पाण्यात भट्टीतला चुना विरवून घालावयाचा व ते वाफेने तापवावयाचे. चुना नवसागरातील अमोनिया सोडवितो, आणि तो पुन्हा मिठाच्या नव्या पाण्यात मुरावयास जातो. अशा रीतीने चुनखडीचे दोन्ही भाग कामास येतात, वायू एकीकडे व चुना दुसरीकडे. आणि अमोनिया तर गावच्या पाटीलकीच्या बैलासारखा रोज कामावर जाऊन संध्याकाळी गोठ्यात परत येतो. थोडीशी गळती होते तेवढी भरून काढली म्हणजे झाले. खर्च होतात त्या वस्तू दोनच, मीठ आणि चुनखडी, आणि ह्या दोन्ही पृथ्वीवर विपुल व स्वस्त आहेत.

कागदावर हे सर्व फार सुबक दिसते, परंतु लोखंडात ते उतरविणे सोपे नव्हते. धाकटे बंधू आल्फ्रेड ह्या कामी त्यांच्या साहाय्यास आले. २६ डिसेंबर १८६३ रोजी दोघा भावांनी काही स्नेह्यांच्या मदतीने १,३६,००० फ्रँक भांडवलाची कंपनी स्थापन केली, व शार्लरवा शहराजवळ कुइये येथे कारखाना बांधला. १८६५ च्या आरंभी तो चालू झाला, आणि लागलीच संकटांची मालिका सुरू झाली. यंत्रे फुटली, नळ साक्याने बुजले, अमोनिया गळू लागला. त्याच वर्षी भांडवल संपून कंपनी बुडण्याच्या बेतास आली. अशा वेळी कुटुंबातील मंडळींनी आपली साठविलेली पुंजी पुढे केली. पदवी नसलेल्या व तोवर यश न आलेल्या मुलावर घरच्या माणसांनी टाकलेला तो विश्वास होता. हे वाचून आमच्या पालकवर्गास काही सुचावे, अशी आमची नम्र अपेक्षा आहे.

दोघे भाऊ कारखान्यातच तळ देऊन राहिले. ज्या ठिकाणी गळती दिसे तेथे ती का झाली ह्याचा शोध करावा, तो सांधा बदलावा, व पुन्हा चालू करावे, असा त्यांचा क्रम असे. पूर्वी एकेक पिंप भरून, रिकामे करून, पुन्हा भरावे लागे. सॉल्व्हे ह्यांच्या मनोऱ्यात एकीकडून माल आत जात राहावा व दुसरीकडून बाहेर पडत राहावा, मधे कोठेही झाकण उघडावे लागू नये, अशी व्यवस्था होती. झाकण उघडत नाही तेव्हा अमोनियाही उडून जात नाही. वर्ष-दीड वर्षात दररोज सुमारे दीड टन सोडा निघू लागला. आजच्या मानाने हे प्रमाण क्षुल्लक आहे, पण त्या दीड टनाने हिशेब जमला. पुढे १८७२ मध्ये सुधारलेल्या मनोऱ्याचे पेटंट झाले, आणि फ्रान्समध्ये नान्सी शहराजवळ दोंबाल येथे मिठाच्या थरांवरच दुसरा मोठा कारखाना उभा राहिला.

त्यानंतर ह्या रीतीचा प्रसार झपाट्याने झाला. लुडविग माँड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सॉल्व्हे ह्यांच्याकडून परवाना घेऊन, जॉन ब्रनर ह्या भागीदारासह १८७३ मध्ये इंग्लंडात कंपनी काढली. १८८१ मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज शहराजवळ कंपनी स्थापन झाली. जर्मनी, रशिया, ऑस्ट्रिया येथेही मनोरे उभे राहिले. सोडा स्वस्त झाला. गरिबाच्या घरी साबण व खिडकीस काच येऊ लागली. लब्लांच्या भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या, व १९२० नंतर थोड्याच वर्षांत त्या नामशेष झाल्या. कायद्याने जी वाफ अडवावी लागली होती, ती सॉल्व्हे ह्यांच्या रीतीत उत्पन्नच होत नव्हती. शेजाऱ्यास होणारा त्रास पुढे निवारण्यापेक्षा मुळातच उद्भवू न देणे अधिक स्वस्त पडते, हे त्यांनी वहीखात्याने सिद्ध करून दाखविले.

सॉल्व्हे ह्यांच्याजवळ अपार संपत्ती आली, पण तिने ते आंधळे झाले नाहीत. आपल्या कामगारांस म्हातारपणी वेतन, आजारात साहाय्य व भरपगारी रजा ह्यांची सोय त्यांनी कायद्याने भाग पाडण्यापूर्वीच केली. विद्यापीठाचे दार ज्यांस बंद झाले होते, त्यांनी ब्रुसेल्समध्ये शरीरशास्त्र, समाजशास्त्र व व्यापार ह्या विषयांच्या संस्था बांधून दिल्या. १९११ मध्ये त्यांनी आपल्या खर्चाने जगातील निवडक भौतिकशास्त्रज्ञांची परिषद ब्रुसेल्सला भरविली. लोरेंट्झ हे अध्यक्ष होते. प्लांक, रदरफर्ड, मादाम क्यूरी आणि तरुण आइन्स्टाइन हजर होते. स्वतः सॉल्व्हे ह्यांनीही विश्वाच्या रचनेविषयी आपली एक उपपत्ती बसविली होती, व ती त्यांनी ह्या मंडळींपुढे ठेवली. शास्त्राने ती स्वीकारली नाही, परंतु परिषदेची प्रथा आजही चालू आहे. १९२७ च्या परिषदेस जमलेल्या एकोणतीस जणांपैकी सतरा जण नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

१९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला तेव्हा सॉल्व्हे शहात्तर वर्षांचे होते. देशात अन्नाची टंचाई पडली. लोकांस अन्न पोचविण्यासाठी जी राष्ट्रीय समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले. युद्ध संपल्यावर त्यांस राज्यमंत्री ही सन्मानाची पदवी मिळाली. २६ मे १९२२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ब्रुसेल्समध्ये त्यांचे देहावसान झाले.

येथे चरित्र संपले असे मानून लेखणी खाली ठेवणे सोपे होते. परंतु थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या हातून राहून गेलेले कामही सांगितले पाहिजे, नाहीतर विद्यार्थ्यांस करण्याजोगे काही उरलेच नाही असा त्यांचा ग्रह होईल. सॉल्व्हे ह्यांच्या रीतीत आत काय जाते व बाहेर काय येते, ह्याचा ताळा आपण करून पाहू. रसायनशास्त्राच्या नियमाप्रमाणे ११७ भाग मीठ व १०० भाग चुनखडी खर्ची पडली, म्हणजे १०६ भाग सोडा होतो. दोन्हीकडचे वजन सारखे भरले पाहिजे. मग उरलेले १११ भाग कोठे गेले? ते कॅल्शियम क्लोराइड नावाच्या क्षाराच्या रूपाने पाण्यात विरघळून राहतात. म्हणजे जितका सोडा, त्याहून किंचित अधिकच हा क्षार! शिवाय प्रत्यक्ष कारखान्यात मिठाचा बराच भाग न बदलता तसाच ह्या पाण्यातून वाहून जातो. कॅल्शियम क्लोराइडास थोडीबहुत मागणी असते, परंतु इतक्या राशीस गिऱ्हाईक कोठून मिळणार?

ते नदीत, सरोवरात किंवा समुद्रात सोडून देण्यात येई. अमेरिकेतील सिराक्यूजजवळ ओनोंडागा नावाचे सरोवर आहे. तेथील सोड्याचा कारखाना १९८६ मध्ये बंद होईपर्यंत त्याचे खारे सांडपाणी ह्या सरोवरास मिळत राहिले व काठावर गाळाचे मोठमोठे ढीग साचले. इतर कारखान्यांची व शहराची घाणही त्यात पडे. त्या सर्वांनी मिळून सरोवराची दुर्दशा केली, आणि ते निर्मळ करण्यास पुढे अतोनात पैसा व वर्षे खर्ची पडली. इटलीत रोझिन्यानो येथे समुद्राची वाळू पांढरीशुभ्र दिसते. ती शोभा निसर्गाची नसून सोड्याच्या कारखान्यातून वाहून आलेल्या पांढऱ्या गाळाची आहे. अमोनियाचा एक कण निसटू न देणाऱ्या पुरुषाने मिठातील क्लोरीन मात्र वाहू दिला, कारण अमोनिया महाग होता व क्लोरीनचे मोल कोणी मागत नव्हते. नदीची किंमत कारखान्याच्या वहीत त्या काळी लिहिली जात नसे.

ह्या उरलेल्या प्रश्नास पुढे एका चिनी रसायनशास्त्रज्ञाने हात घातला. त्यांचे नाव होउ दबांग. जन्म १८९०, मृत्यू १९७४. सॉल्व्हे ह्यांच्या परवान्याच्या कंपन्या आपली गुपिते बाहेर पडू देत नसत. होउ ह्यांनी ती स्वतःच्या कष्टाने उलगडली, आणि १९३३ मध्ये पुस्तक लिहून सर्व जगास खुली केली. नंतर १९४० च्या दशकात त्यांनी एक नवी वाट काढली. चुना घालून अमोनिया परत घेण्याऐवजी, गाळल्या पाण्यातून नवसागरच वेगळा काढावा व तो भातशेतीस खत म्हणून द्यावा, आणि अमोनियाच्या कारखान्यात फुकट जाणारा कर्बाम्ल वायू सोड्यास वापरावा. अशा रीतीने मिठाचे दोन्ही भाग कामास आले, व चुनखडीची भट्टी आणि कॅल्शियम क्लोराइड ह्या दोहोंची गरजच राहिली नाही. मात्र असे खत सर्व जमिनींस व सर्व पिकांस मानवत नाही, म्हणून हाही उपाय सर्वत्र लागू पडत नाही.

आमच्या देशानेही ह्या कथेत थोडाबहुत भाग घेतला आहे. सौराष्ट्राच्या टोकास ओखामंडळात मिठापूर म्हणून गाव आहे. हा मुलूख तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता. तेथे १९३९ मध्ये टाटांनी रसायनांची कंपनी स्थापन केली, व परदेशी कंपन्यांची गुपिते मिळत नसता येथील माणसांनी चुकत शिकत सोडा करून दाखविला. तेथील सांडपाण्यातील घन भाग वेगळा करून त्याचे सिमेंट करण्याची योजनाही पुढे अमलात आली. तामिळनाडूत तुतीकोरिन येथे होउ ह्यांच्या धर्तीवर सोडा व नवसागर ह्यांचा जोडकारखाना निघाला; तेथे २०१६ च्या सुमारास बॉयलरच्या धुरातून कर्बाम्ल वायू वेचून सोड्यास पुरविण्याची यंत्रे बसली. हवेत जाऊन पृथ्वीची उष्णता वाढविणारा वायू धुण्याच्या सोड्यात अडकला, असा तो प्रयोग होता. सॉल्व्हे ह्यांस तो पाहून समाधान वाटले असते, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रातून ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. सॉल्व्हे ह्यांच्यापाशी जे होते, ते आपल्या आजीपाशीही असते. सरकीचे तेल काढल्यावर पेंड गाईस घालावी, पऱ्हाट्या चुलीस लावाव्या, राख भांड्यांस व शेणखतास द्यावी, हे आपल्या घरांत कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. गुऱ्हाळावर रस काढून उरलेली चिपाडे वाळवून त्याच रसाच्या कढईखाली जाळतात, तेव्हाही हाच न्याय पाळला जातो. मोठ्या कारखान्यात तो पाळावयास गणित, रसायन व यंत्रविद्या लागते, आणि त्यासाठीच तुम्ही शाळेत आला आहात.

तुमच्यापैकी काहीजण उद्या जालना, संभाजीनगर, पुणे अगर मुंबई येथील कारखान्यांत जाल. काही त्यांचे मालकही व्हाल. तेथे गेल्यावर प्रथम एक वही घाला व तिच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे, फाटकातून आत आलेली प्रत्येक वस्तू तिच्या वजनासह लिहा. पाणी, कोळसा व हवा ह्यांसही विसरू नका. उजवीकडे, बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू लिहा. धूर, सांडपाणी व राख ह्यांसही वगळू नका. दोन्ही बाजूंची बेरीज जमली नाही, तर समजा की काहीतरी कोणाच्या तरी विहिरीत, शेतात अगर फुप्फुसात जात आहे, आणि ते कोठे जात आहे ह्याचा शोध लावणे हे तुमचे काम आहे. सॉल्व्हे ह्यांनी त्या पानावरील पहिल्या काही ओळी जमविल्या. कॅल्शियम क्लोराइडची ओळ अजून बहुतेक ठिकाणी जमावयाची आहे.